खाडीचा गाळ आणि आबांचे हात

समुद्राचा गाळ तपासायला बारामतीत कोण बसतं, असं मला सगळेच विचारायचे. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि पीएचडीसाठी कोकणातल्या एका खाडीच्या तळाशी साचलेल्या गाळातली मेदाम्लं शोधत होते. मेदाम्लं म्हणजे तेलातुपाचे घटक. शेवाळाची वेगळी, माशाची वेगळी, झाडपाल्याची वेगळी. जीव मरून कुजला तरी त्याची मेदाम्लं गाळात बराच काळ टिकतात. ती ओळखता आली की तिथं काय काय येऊन पडलं ते कळतं.

घरात हे लगेच पटलं ते आबांना, माझ्या वडिलांना. आमचं घर इंदापूरकडच्या अंथुर्णे गावचं, पूर्वी मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणातल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. मी चौथीत असताना त्यांनी कळप विकला आणि ऊस लावला. मी खाडीचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिकडली वाट मला म्हाईत हाय. एकटी कशाला जातीस? मी येतो."

ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून आम्ही गाळ काढला, मी तो बाटल्यांत भरला. बर्फाची पेटी एसटीत सगळी वाट आबांच्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बाटलीचं झाकण मला उघडेना. मी पकड शोधायला वळले, तोवर आबांनी ते उघडलं, आत बोट घातलं आणि चिमूटभर गाळ चोळून नाकाशी नेला.

"ह्यात भाताचा पेंढा कुजलाय बघ."

"आबा, हात काय लावता! नासवलंत सगळं!" मी ओरडले. "हाताचं तेल उतरतं त्यात. आता मी काय मोजू?"

शिपाई दारात उभा होता. आबा ते बोट तसंच वर धरून राहिले, ते कशाला पुसावं हे न कळून. मग म्हणाले, "मला ठावं न्हवतं, बाय." दुपारच्या गाडीनं ते गावी गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायलाही गेले नाही.

ती बाटली मी बाजूला ठेवली आणि बाकीच्यांचं काम उरकलं. त्यांच्याबरोबर एक कोरी बाटलीही असते. तिच्यात गाळ घालत नाहीत, पण बाकी सगळे सोपस्कार तिच्यावरही करतात, म्हणजे आपल्याकडून काय मिसळलं ते कळतं. काही दिवसांनी सगळं घेऊन पुण्याला गेले. यंत्र तिथं होतं.

यंत्रातून निघालेल्या कागदावर बारा कार्बनच्या मेदाम्लाचं टोक डोंगरासारखं उभं राहिलं. एका नमुन्यात नाही, सगळ्यांत. माझ्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा काढला. "कोरी बाटली लाव." तिच्यातही तेच.

"हे समुद्राचं नाही," बाई म्हणाल्या. "हे नारळाचं आहे. खोबरेल कोण लावतं?"

माझी वेणी तेव्हा खांद्यावरून पुढं आली होती. आमच्या घरी डोक्याला करडीचं तेल. खोबरेलाची सवय मला बारामतीत लागली होती. केस मागं सारायचे आणि त्याच हातानं बाटल्या धरायच्या, असं मी कितीदा केलं असेल! आबांनी तर या बाकीच्या बाटल्यांना स्पर्शही केला नव्हता.

बारामतीला परतल्यावर खोलीवर न जाता मी इंदापूरची गाडी धरली. सणसर मागं पडलं तरी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आबा उसाला पाणी देत होते. मी बांधावर उभी राहून म्हणाले, "आबा, ते तुमच्या हाताचं नव्हतं. माझ्याच केसांचं तेल सगळ्या बाटल्यांत गेलं होतं."

त्यांनी फावड्यानं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

"म्हंजी पुन्हा जावं लागंल."

"हो."

"जाऊ की." मग फावडं टेकून ते म्हणाले, "पर चारचौघांत वरडू न्हाय, बाय. बापावरच न्हाय, कुणावरच."

मी मान हलवली. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि चूक माझी निघाली नसती तरी ते खरंच राहिलं असतं, हे मला त्या बांधावर पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या खेपेला मी आठ दिवस केसांना तेल लावलं नव्हतं आणि डोक्याला फडकं घट्ट बांधलं होतं. दोघांसाठी हातमोजे नेले, पण आबांची जाड बोटं त्यात शिरेनात. मग ते माझ्या कमरेला बांधलेला दोर धरून काठावर उभे राहिले. काम झाल्यावर जिथं पूर्वी मेंढरं बसवायचे त्या खाडीलगतच्या खाचराकडे मला घेऊन गेले. जुना मालक गेला होता. त्याच्या मुलानं आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घातली.

या वेळी कोरी बाटली कोरीच निघाली. खाडीच्या मुखाजवळच्या गाळात जमिनीवरच्या झाडपाल्याची लांब साखळीची मेदाम्लं भरपूर होती. मी गावी जाऊन आबांना सांगितलं, "पेंढा भाताचाच, असं यंत्र सांगत नाही. पण पाला जमिनीवरचा आहे हे नक्की."

"एवढं कळाया यंत्र लागतं व्हय?" ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मेंढराचं कायतरी घावलं का?"

"ते शोधलं नाही अजून."

"शोध की."

मी शोधलं. वर्षभर शोधलं. मेंढराचं म्हणून खात्रीनं सांगता येईल असं काहीच मिळालं नाही, आणि मी तेही त्यांना जाऊन सांगितलं.