शेंदराखालचे डोळे

काचेपलीकडून लोक बघत असताना काम करायचं, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. संग्रहालयात जुन्या दगडी मूर्ती साफ करायचं काम मी इतकी वर्षं मागच्या खोलीत, दार लावून केलं. मग साहेबांच्या डोक्यात आलं की लोकांना पडद्यामागचं काम दिसायला पाहिजे. खोलीची एक भिंत पाडली आणि तिथे जाड काच बसवली. मी म्हटलं, "आम्ही काय पिंजऱ्यातली अस्वलं आहोत का?" साहेब हसले. माझं बोलणं ते नेहमी हसण्यावारी नेतात, त्याचाच जास्त राग येतो.

त्या काचेमागे पहिली आली ती भनपुरीची मातामाय, तिथली गावदेवी. रस्ता रुंद करताना तिचा ओटा गेला, आणि शेंदराखाली जुनं कोरीव काम असावं म्हणून दगड आमच्याकडे आणला. कमरेइतका उंच दगड, पिढ्यानपिढ्या तेल-शेंदूर थापून भोपळ्यासारखा गोल झालेला. समोर चांदीचे दोन डोळे. थर उतरवायचं काम माझ्या वाट्याला आलं. घरी आईला सांगितलं, तर तिची पोळी तव्यावरच करपली.

"तिच्यात माहा डोळा आहे," ती म्हणाली.

मला ते ठाऊक होतं. वडील रेल्वेत होते आणि मी लहान असताना आम्ही भनपुरीकडेच राहायचो. मला गोवर निघाला, त्यात डावा डोळा पांढरा पडला. डॉक्टरांनी हात टेकले. आई मातामायच्या ओट्यावर जाऊन बोलली, पोरीचा डोळा वापस दे, माहा घे. डोळा आला. थोडा डाग राहिला, पण दिसायला लागलं. मग आईनं ब्राह्मणपाऱ्यातल्या सोनाराकडून चांदीचा डोळा करून घेतला. लोक जोडी वाहतात. आईनं एकच वाहिला, कारण बोली एकाच डोळ्याची होती. सोनारानं समजावलं, बाई, एकटा डोळा कोणी वाहतं का? आईनं ऐकलं नाही. हट्ट आमच्या घरात रक्तातच आहे.

आता सत्तरी ओलांडल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजव्याचं ऑपरेशन तिनं मुकाट्यानं करून घेतलं. डाव्याला हात लावू देईना. समता कॉलोनीतले आमचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, पक चुका है. और रुके तो आँख हाथ से जाएगी." मी घरी येऊन आरडाओरडा केला. आई ढिम्म.

"देल्लेला डोळा आहे तो," ती म्हणाली. "घेऊन राहिली ती. उशिरा आली, पण आली."

अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याहून जास्त संताप. मी तेव्हाच ठरवलं. तो चांदीचा डोळा शोधायचा, काढायचा, आईच्या समोर धरायचा आणि म्हणायचं, बोली संपली, चल आता ऑपरेशनला. तसं तिला सांगूनही टाकलं.

"काढशीन तर तुहा डोळा जाईन," आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज माझ्यासोबत संग्रहालयात येऊ लागली आणि काचेपलीकडच्या बाकावर बसून राहू लागली.

त्या काचेतून आवाज येत नाही. माणसांचे ओठ हलताना दिसतात, बस. सुरुवातीला लोक मोबाइलवर फोटो काढायचे. हळूहळू मोबाइल खाली गेले आणि हात जोडले जाऊ लागले. संध्याकाळी काच पुसणारी बाई कुरकुरायची, कपाळं टेकून टेकून तेलकट डाग पडतात म्हणून. मी वरची जोडी काढली, बोटभर थर खरवडला, तर आत दुसरी जोडी. तिच्याखाली आणखी एक. एका पिढीनं डोळे लावायचे आणि पुढच्या पिढीनं त्यांच्यावर शेंदूर थापायचा, असं चालत आलं होतं. इतकी वर्षं ते आत अंधारात उघडेच होते, हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. काढलेले डोळे मी ट्रेमध्ये पालथे ठेवायची. चहा पिऊन आले की उताणे. फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याला झापलं, तर तो शपथा खाऊ लागला, "दीदी, मैंने छुआ तक नहीं." मग मी विचारणं सोडलं.

एका दुपारी शेंदराचा मोठा पापुद्रा अलगद सुटला आणि आत तीन डोळे दिसले. एक जोडी, आणि तिच्या शेजारी, जागा नसताना दाबून बसवलेला एकटा डोळा. काचेपलीकडचे लोक एकदम मागे सरकले. आई तेवढी उठून पुढे आली. दोन्ही तळवे काचेवर टेकून जोरजोरात मान हलवत होती, नको, नको. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण तिचा तो दुधाळ झालेला डावा डोळा समोर होता. मी पात्याचं टोक चांदीखाली घातलं.

डोळा सुटून तळहातावर आला. थंडगार असेल असं वाटलं होतं. कोमट होता. वरच्या दिव्यानं तापला असणार.

आई रडली नाही. तिनं काचेवर बोटं धरली. माझ्या लहानपणी रोज सकाळी ती असंच करायची. उजवा डोळा झाकायला लावायची आणि विचारायची, किती? मी उजवा डोळा मिटला. बोटं दिसत होती, पण मोजता येईनात, एकमेकींत मिसळून गेली होती. काचेवर वाफ धरली असेल, डोळ्यात शेंदराची पूड गेली असेल. आई पहिल्यांदा नेहमी दोनच बोटं धरते, एवढं मला ठाऊक होतं. मी दोन बोटं वर केली. आईचा चेहरा सैल झाला. ती बाकावर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

पुढच्याच आठवड्यात तिनं ऑपरेशन करून घेतलं. छान झालं. आता ती सुईत दोरा ओवते, आणि बाप्पा, ते कौतुक सगळ्या कॉलोनीला ऐकवून झालंय. इकडे दगडही मोकळा झाला. शेंदराखाली चेहरा निघालाच नाही. होता तो केव्हाच झिजून सपाट झालेला. सगळे डोळे शेजारच्या पेटीत मांडलेत, आईचा एकटा, कोपऱ्यात.

माझा डावा डोळा मात्र निवळला नाही. वाफ नव्हती आणि पूडही नव्हती. डॉक्टरांच्या पोटात काही राहत नाही, आईला लगेच कळेल, म्हणून मी दाखवायला गेले नाही. जुना डाग आहे, वय झालं, असं स्वतःला सांगते आणि पेपर जरा उजवीकडे धरते. तिचा डोळा तिला मिळाला, बस झालं.

परवा दुपारी मी मेथी निवडत होते. आई समोर येऊन बसली.

"उजवा झाक," ती म्हणाली. "किती?"

मी हसून डोळा झाकला. समोर नुसतं गढूळ पांढरं होतं.

"दोन," मी म्हटलं.

तिनं माझा हात डोळ्यावरून खाली घेतला. मग म्हणाली, "हात मांडीवरच होता माहा."

ती उठली, कपाटातून बाहेर जायची साडी काढली आणि माझ्या पुढ्यातली मेथी बाजूला सारली.

"चाल," ती म्हणाली. "तो पेटीतला डोळा काढून दे मले."