विंचवाच्या प्रश्नामागे गेलेली मुलगी

भूकंपानंतरच्या वर्षी अब्बांनी मला नांदेडहून लातूरला आणून सोडलं. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या खानदानात तोवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं. लातूरच्या भाड्याच्या खोलीत आम्ही मुली दाराला कडी न लावता झोपायचो. जमीन हलली तर कडी काढायला वेळ मिळणार नाही, अशी धास्ती. दिवसभर क्लासमध्ये प्रश्न सोडवायचे. चार पर्याय, त्यातला एक बरोबर.

त्या सरावावर मी डॉक्टर झाले. पण शेवटच्या वर्षी वॉर्डात एक गोष्ट मला छळायला लागली. तेच औषध, तोच आजार, मग एक रुग्ण उठून बसतो आणि दुसरा का नाही? या प्रश्नामागे जायचं तर कुठे जायचं, कुणाच्या हाताखाली शिकायचं, हे सांगणारं कुणीच भेटलं नाही. एक सर म्हणाले, "आधी एमडी कर, मग बघू." एमडी झाली. बघायचं तेवढं राहून गेलं.

म्हणून लातूरलाच मेडिकल कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी शनिवारी दुपारी मुलांना संशोधन शिकवायचं ठरवलं. प्रश्न कसा धरायचा, माणसांना न दुखावता माहिती कशी गोळा करायची, आपलंच म्हणणं खोटं ठरतंय का ते कसं तपासायचं, एवढंच. डीनसाहेब म्हणाले, "घ्या वर्ग, पण उद्या पालक माझ्याकडे आले तर मी तुमच्याकडे पाठवीन." पहिल्या शनिवारी खोली भरली. याचे गुण परीक्षेत धरत नाहीत हे कळल्यावर बरीचशी रिकामी झाली. जी राहिली त्यांत औसा तालुक्यातली एक मुलगी होती. क्लासमध्ये पहिली येत आलेली, आणि चुकायला भयंकर घाबरणारी.

"मॅडम, ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात हाय?" तिने एकदा विचारलं.

"कुठल्याच नाही. तेच तर शोधायचंय."

तिचा चेहरा उतरला. पुढच्या शनिवारी येणार नाही असं मी धरून चालले होते, पण ती आली आणि येताना स्वतःचा प्रश्न घेऊन आली. तिचं गाव भूकंपात पडलं होतं, नवं गाव माळावर वसवलेलं. इतकी वर्षं झाली तरी तिथली जुनी माणसं घरात झोपत नाहीत, अंगणात झोपतात. तिचे वडीलही. आणि गावात विंचू चावलेले लोक फार. "मॅडम, बाहेर झोपल्यामुळंच चावत असतील ना? हे दाखवलं तर लोकं घरात झोपतील."

प्रश्न ऐकून मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. आतापर्यंत मी नुसतं बोलत होते. आता एक पोरगी खरंच निघाली होती.

कॉलेजच्या नैतिकता समितीने तिचा आराखडा परत पाठवला, तिने तो पुन्हा लिहिला. परवानगी मिळाल्यावर सुट्ट्यांमध्ये आम्ही एसटीने तिच्या गावी आणि आसपासच्या वस्त्यांवर जायचो. ती घरोघर विचारायची, कुठे चावला, काय करताना, किती वेळाने दवाखान्यात नेलं. एक म्हातारी तिला म्हणाली, "पोरी, आमाला तर घराचंच भ्याव वाटतंय, इंचवाचं न्हाई." ती वही मिटून म्हातारीजवळ बसली.

सगळी माहिती मांडल्यावर तिचं म्हणणं खोटं ठरलं. बाहेर झोपणारे बाजेवर झोपत होते, त्यांना विंचू क्वचितच चावत होता. तो चावत होता दिवसा, कडबा उचलताना, गोवऱ्या काढताना, आणि बहुतेक बायांच्या हाताला.

ती माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. "माझं चुकलं मॅडम. सगळं वाया गेलं."

"चुकलं नाही. आता कळलं की बायांचे हात वाचवायला हवेत. हे काल कुणालाच माहीत नव्हतं."

तिने डोळे पुसले. पण त्या दिवसानंतर ती बदलली, संशोधनाच्याच मागे लागली, आणि माझी खरी काळजी तिथून सुरू झाली. इंटर्नशिप संपताना तिने सांगितलं की पीजीच्या प्रवेशपरीक्षेआधी एक वर्ष तिला बाहेरच्या एका संशोधन संस्थेत काम करायचंय. जागा तिने स्वतः मिळवली होती. शिफारस माझी होती.

तिचे वडील कॉलेजात आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"मॅडम, संशोधन म्हंजे डॉक्टरकी सोडायची का?"

"नाही काका. दोन्ही करायचं. रुग्णही बघायचे आणि आजार का होतो तेही शोधायचं."

"असं कुणी केलंय का हितं?"

"नाही," मी म्हणाले. लातुरात माझ्या माहितीत कुणी नव्हतं. मी स्वतःही केलं नव्हतं.

"हिच्या आधीचा पोरगा भूकंपात भुईत गेला आमचा," ते म्हणाले. "ही एकच राह्यली. तुमी गॅरंटी देता का?"

"गॅरंटी नाही देता येत, काका. ती हुशार आहे, एवढंच सांगू शकते. वर्ष मागे पडू शकतं."

ते खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "खोटं न्हाई बोलल्या, बरं झालं. जाऊ द्या तिला. पन परीक्षा दिलीच पायजे."

ती गेली. वर्षाने परीक्षा दिली आणि तिला जागा मिळाली नाही. स्टाफरूममध्ये एकजण माझ्यासमोरच म्हणाले, "चांगल्या पोरीचं वर्ष घालवलं." घरी जेवण जाईना. फोन वाजला की तिच्या वडलांचाच असेल असं वाटायचं. एकदा तो त्यांचाच निघाला. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी रडायलीय, जेवत न्हाई. तुमी बोलता का तिच्याशी?" मी त्याच संध्याकाळी बोलले. समजूत घातली नाही, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक दोघींनी मिळून केलं.

पुढच्या वर्षी तिला एमडीला जागा मिळाली, कॉलेज दूरचं. तिथे रुग्ण सांभाळून ती विंचवाच्या विषावर काम करते. एमडीनंतर पीएचडीला घ्यायची तयारी तिच्या मार्गदर्शकांनी दाखवली आहे, अजून पक्कं काही नाही. तिच्या गावात बाया आता कडबा उचलण्याआधी काठीने हलवून बघतात, असं ती सांगते. सगळ्याच नाही, काही.

आमच्या कॉलेजात शनिवारचा वर्ग आता वेळापत्रकात आला आहे. बाहेरच्या दोन संस्था सुट्टीत आमची मुलं घेतात, आणि कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं हे विचारायला आता माणूस आहे. यंदा पहिल्या दिवशी बरेच हात वर झाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला एकेका हातामागे एकेक घर दिसत होतं. वर्ष वाया जाऊ शकतं, जागा हुकू शकते, हे मी त्यांना आधी सांगितलं. काही हात खाली गेले. उरलेल्यांना मी पुढे येऊन बसायला सांगितलं.