ड्रायव्हर नसलेला आवाज

मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधला घोळ पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर तो घडलाच नाही असं समजून तक्रारीचं तिकीट बंद करायचा पगार घेतो. त्यामुळे भुताखेतांच्या अनुभवांच्या असल्या ऑनलाइन धाग्यांवर आजवर मी फक्त टवाळी करायला यायचो. आज लिहितोय ते काही सिद्ध करायला नाही... आत साठून राहिलंय म्हणून.

मूळचा मी साताऱ्याचा. नोकरी चेन्नईत, सिरुसेरीला. पण बायकोचं ऑफिस अंबत्तूरला, म्हणून घर तिथे आणि रोजचा बसचा जाच माझ्या नशिबी. घरमालक रावकाका तंजावरकडचे मराठी. त्यांची जुन्या वळणाची मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. काकूंनी रसमची वाटी हातात दिली आणि हसू बंद झालं. तेव्हापासून त्या घरात माझं ताट कायमचं. मागच्या वर्षी पोंगलनंतर काकूंना ताप आला आणि आठवडाभरात त्या गेल्या.

काका निवृत्त क्लार्क. गल्लीतल्या लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतात. त्यांचा पीसी इतका जुना की टॅक्सची साइट उघडेना. नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, "हा चालतो की रे! म्हातारा झाला म्हणून टाकतात काय?"

मग मी आमच्या धंद्यातला उद्योग केला. नवी विंडोज जुन्या मशीनवर बसायला तयार नसते, 'हा पीसी चालणार नाही' म्हणून दारातूनच परत पाठवते. पण ती तपासणी वगळलेली कॉपी पेनड्राइव्हवर केली की गुपचूप बसते. तशी बसली. सगळं चाललं — फक्त आवाज नाही. त्या जुन्या साउंड चिपला चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, कुठे मिळेना. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर फुली. ड्रायव्हर नाही म्हणजे पीसीला वाचाच नाही असं समजा.

"परवा नाही," म्हणजे पर्वा नाही, काका म्हणाले. "मज काय गाणी ऐकाची?"

जुलैतला शनिवार होता. रिटर्नची घाई, दुपारची जेवायची वेळ. काका टाइप करत होते, मी शेजारी बसून प्रिंटरशी झटापट करत होतो. मुके स्पीकर टेबलावर तसेच होते. त्यातून आधी खरखर आली, आणि मग काकूंचा आवाज —

"या हो जेवाला. रसम गार होतें."

स्वयंपाकघरातून हाक मारायच्या अगदी तसाच, जरासा वैतागलेला. आणि काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "थांब गे, हें एक संपवतों."

बोटं चालूच होती. मग थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलं, की हे त्यांनी एकट्यानं ऐकलं नव्हतं. "आलों, आलों गे," म्हणत ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन आले, परत स्पीकरपाशी वाकून बसले. काही नाही. 

नंतर मी तपासायचं ते सगळं तपासलं. पीसी स्वतःच्या नोंदी ठेवतो त्या लॉगमध्ये काही नाही. फुली जशीच्या तशी. ब्राउझरमध्ये फक्त टॅक्सचं पान. काकूंचा आवाज कुणी कधी रेकॉर्डच केला नव्हता, ही खंत काकांना आधीपासून होती. शेजारचा टीव्ही म्हणावा तर अख्ख्या गल्लीत मराठी आमच्याच दोन घरांत, आणि बायको त्या दिवशी ऑफिसात. रिची स्ट्रीटवरचा रिपेअरवाला म्हणाला, "स्पीकर कधीकधी रेडिओ पकडतो, सार." पकडत असेल. पण रसम गार होतंय हे कुठल्या रेडिओवर सांगतात?

त्याच्याकडूनच मी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड आणलं. लावलं की आवाज सुरू. वाटलं, निदान काकांचं वाट बघणं तरी सुटेल. त्यांनी माझा हात धरला.

"नको रे. आवाज सुरू झाला तर जाहिराती बोलतील, बातम्या बोलतील. मग हिनं बोलावलेलं कसं कळेल?"

मी कार्ड परत खिशात टाकलं. उलट त्यांच्या सांगण्यावरून मी अपडेटही बंद करून टाकले, न जाणो, एखाद्याबरोबर ड्रायव्हर यायचा. हे चूक आहे ते मला माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका.

वर्ष होत आलं. आवाज पुन्हा आलेला नाही. काका आता कुणाचे रिटर्न घेत नाहीत. दुपारी पीसी लावतात आणि कीबोर्डला हात न लावता नुसते बसतात, म्हणजे हाक आली की लगेच उठता यावं. मला बघवत नाही, तरी शनिवारी मी जाऊन बसतो.

त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. काका ते विचारतही नाहीत. परवा त्यांनी एवढंच विचारलं, "मी तेव्हां वसकन बोल्लों काय रे?"

मी नाही म्हणालो. आणि ते खरंच वसकन बोलले नव्हते. नेहमीसारखंच बोलले होते.