भरीत विकायला निघालेली नववी

असोद्याजवळच्या एका शाळेत मी नववीला शिकवतो. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे उद्योजकता आली. म्हणजे जळगावहून एक प्रशिक्षक आला, ज्याने आयुष्यात एकही वस्तू विकली नव्हती. विकायला शिकवण्यासाठी आपल्याकडे एवढी पात्रता पुरते. 'समस्या शोधा,' तो म्हणाला. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, ही समस्या एकीने लगेच शोधून दिली.

"ही नको. काहीतरी डिजिटल सांग."

मग त्याला भरीत सापडलं. शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरची घालून कुटायची, वर कांद्याची पात, आणि गावाला पंगत. "हे लोक फुकट वाटतात!" तो हळहळला. कडी सुचवणाऱ्या त्याच मुलीला त्याने प्रकल्प दिला: भरीत ऑनलाइन विकायचं. जमलं, तर जळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेत बोलायची संधी. पोरगी हरखली. रोज संध्याकाळी वडिलांना उभं करून त्यांच्यासमोर भाषण म्हणू लागली.

तिने आईच्या मोबाईलवर स्टेटस ठेवलं: 'रविवारी आमच्या शेतात भरीत पार्टी. सर्वांनी यावे.' खाली दर आणि पैसे पाठवायचा कोड. 'यावे'च्या पुढे आमच्याकडे कोणी वाचत नाही. रविवारी अख्खी गल्ली आली. आपापली ताटं घेऊन आली. कोणी घरचं दही आणलं, कोणी पुऱ्या.

"किती जमा झाले?" प्रशिक्षकाने विचारलं.

"काहीच नाही, सर."

"मग आता पंगतीत कोड फिरव." त्याने कोडचं कार्ड दोरीने तिच्या गळ्यात अडकवलं. मी म्हणालो, स्वतःच्या गळ्यात घाला. तर म्हणे, तुमची मानसिकताच नोकरदाराची!

पंगतीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या आबांनी मान वर केली. "काबरं व माय, गळ्यात काय लटकवलं?"

"आबा, भरताचे पैसे..."

"कोनाले देयाचे?"

तिने कार्ड उलटं केलं. शेजारचा माणूस हसला, "जेव्याले बलावलं का लिलावाले?" पंगतभर हशा पिकला. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी ताट किंचित पुढे सरकवलं, उठण्याच्या बेतात.

पोरीने कार्ड काढलं आणि आबांचं ताट परत जागेवर ठेवलं. "बसा आबा. जेवा." मग प्रशिक्षकाकडे येऊन म्हणाली, "सर, तोंडात घास असलेल्या माणसाकडे मी पैसे नाही मागणार."

"मग जळगाव विसर."

तिने वडिलांकडे पाहिलं. ते विस्तवावर वांगी उलटत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सरांना वाढ," ते प्रशिक्षकाकडे बघत म्हणाले.

तिने वाढलं. हा गृहस्थ मांडी घालून बसला. डाव्या हाताने त्याने मोबाईलवरच्या स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. उजव्या हाताने तो भरीत खात होता.