झिरो कोणी धरला?

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. तिथल्या बराकीत राहणाऱ्या ईश्वरीबाईंची मागची खोली २८ डिसेंबर १९८९ रोजी दुपारी साडेचार वाजता दाढीच्या ब्लेडने खरवडून काढली गेली. मी समोर उभी होते. ती खोली मीच काढली होती – ट्रेसिंग पेपरवर, शाईने.

संपादक म्हणाले, तक्रार असेल तर पत्रव्यवहारात छापू. पण मधला एक भाग तक्रारीत बसेना, म्हणून हे या अद्भुत अनुभवांच्या सदरात आलंय.

आधीच सांगते. भूत, आत्मा, अंगात येणं – माझा कशावरही विश्वास नाही. अंबरनाथला आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. अंगारे देणाऱ्या बुवांविरुद्ध वस्तीत जी पत्रकं वाटली गेली, ती मी लिहिली, स्टेन्सिलही मीच कापली. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. हिवाळ्याच्या सुट्टीत एखाद्या ऑफिसात काम करा, सर्टिफिकेट आणा, असा कॉलेजचा हुकूम. मी आणि वर्गातल्या गिरीशने ड्रॉइंगच्या गुंडाळ्या काखोटीला मारून फोर्ट, दादर, ठाणे पालथं घातलं. सगळीकडे एकच – "रेफरन्स कोणाचा?" वडील कारखान्यात फिटर आहेत म्हटलं की बसा म्हणायचेही नाहीत. गिरीश बदलापूरजवळच्या चामटोलीचा, घरी भातशेती. तो म्हणायचा, "आपल्याला रेफरन्स एकच, गावातला लाइटीचा खांब, त्याच्याखालीच शिकलो. त्याचं पत्र आणू का?"

शेवटी कॅम्प तीनमधल्या एका आर्किटेक्टने ठेवून घेतलं. त्यांना इथे 'सर' म्हणते. काम काय, तर एक जुनी बराक मोजायची. ती पाडून बिल्डर इमारत बांधणार, आणि जुन्या नकाशात ज्याची जेवढी जागा, तेवढीच त्याला नव्या इमारतीत मिळणार. म्हणजे आम्ही जी रेघ ओढू, तेवढंच त्या माणसाचं घर!

ईश्वरीबाईंच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत राहणं, मागच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन. नवरा टेलर होता, सगळी बराक त्याला मास्टर म्हणायची. दिवाळीनंतर मास्टर गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्डरची माणसं आली, "आंटी, दो दिन सामान रखते हैं" म्हणाली आणि मधल्या दाराला कुलूप ठोकून गेली. मशीनही आतच. तेव्हापासून आंटी जीन्सच्या कारखान्यांची काज-बटणं हाताने करतात. बोटं बघवत नाहीत.

सरांनी बजावलेलं – "मागे खोली नाही. पॅसेज दाखवायचा."

२७ तारखेला, सकाळी अकराच्या उन्हात आम्ही तिथे गेलो. ज्यांनी कधी मोजमाप घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टेपला दोन माणसं लागतात. एक जण टोकाची पितळी कडी भिंतीला टेकवतो – तो 'झिरो' धरतो. दुसरा आकडा वाचतो. आमची खूण ठरलेली. कडी टेकली की टेपला दोन झटके.

पुढची खोली झाली. रुंदी नऊ फूट. गिरीश म्हणाला, "थांब, मागच्या बाजूने आत जाता येतं का बघतो," आणि गेला. मी कुलपाकडे बघत बसले. डोकं तापलेलं. दार डाव्या कोपऱ्याला लागून, त्याखाली चार बोटं फट होती. संतापाने मी कडी त्या फटीतून आत सारली.

टेप आत ओढला गेला.

आमचा टेप कापडी. ढकलून तो सरकत नाही, कुणीतरी ओढावाच लागतो. मला वाटलं, गिरीश पोचला! टेप डाव्या भिंतीलगत सरळ गेला, ताणला गेला. दोन झटके. बारा फूट. लिहून घेतलं. मग आतून टेप तिरका फिरला. पुन्हा ताण, पुन्हा दोन झटके. पंधरा फूट. शहाणा आहे, मी म्हटलं, न सांगता कर्णही दिला. "सोड!" ओरडले. टेप सैल पडला, मी गुंडाळून घेतला.

आणि पुढच्या दाराने गिरीश आत आला. पँट गुडघ्यापर्यंत गटाराच्या पाण्याने भिजलेली.

"मागे सरळ भिंत आहे बाई. वाटच नाही."

"मग झिरो कोणी धरला?"

"कसला झिरो? उपाशी आहेस का? वडापाव आणू?"

मी वही दाखवली. तो हसायचा थांबला. जमिनीवर आडवा होऊन फटीतून बघत राहिला. वरच्या झरोक्यातून आत थोडा उजेड होता. "मशीनचे पाय दिसतायत," तो हळू म्हणाला. "धुळीत टेप ओढल्याच्या दोन रेघा आहेत. एक सरळ, एक तिरकी." गाल जमिनीला टेकवून – "पावलं नाहीत ग."

आंटी चहा घेऊन आल्या. त्यांची नजर टेपच्या कडीवर गेली. कडीला निळा खडू लागला होता... टेलर कापडावर मारतो तो. कॅम्प तीनमध्ये घरोघरी शिलाई, खडू कुठूनही लागू शकतो – हे मी गिरीशला तिथल्या तिथे सांगितलं. आंटींनी त्यावरून एक बोट फिरवलं, पुसलं नाही.

"मास्टर एक नाप पे कभी कैंची नहीं चलाते थे, पुट बेटा," त्या म्हणाल्या. "दो बार नापते थे. चाय पियो, ठंडी हो जाएगी."

त्या रात्री मी हिशेब मांडला. लांबी बारा, कर्ण पंधरा, म्हणजे रुंदी नऊ. पुढच्या खोलीइतकीच, बरोब्बर नऊ. मनाचे आकडे असते तर असे जुळले असते?

दुसऱ्या दिवशी मी खोली काढली. सरांनी शीट बघितली. "कुलूप आहे ना? मोजलीस कशी? झिरो कोणी धरला?"

मी वही पुढे केली. सभांमध्ये माझ्या हातातला माइक काढून घ्यावा लागतो, ती मी नुसती बोटाने आकडे दाखवत होते!

सरांनी ब्लेड घेतलं. कर्र... कर्र... "इथे पॅसेज लिही, सही कर, सर्टिफिकेट घे आणि सुट्टी एन्जॉय कर." मी सही केली नाही. गिरीशनेही नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "चला, परत खांबाला भेटू."

सर्टिफिकेट गेलं ते गेलं. मी आणि गिरीशने नगरपालिकेत अर्ज केला. येत्या २९ जानेवारीला, सोमवारी सकाळी अकराला, इन्स्पेक्टर कुलूप उघडून पंचनामा करायला तयार आहेत. अट एकच – बराकीबाहेरचे दोन पंच हवेत, अर्जदार चालत नाहीत. आसपासचे दुकानदार म्हणतात, "बेटी, हमको भी दुकान का गाला इसी बिल्डर से लेना है." पंच मिळाले नाहीत, तर खोली कागदावर कायमची पॅसेज होईल.

त्या दिवशी आत कोण होतं, मला माहीत नाही. महिना झाला, रोज तेच आकडे पुन्हा मांडून बघते. खोली बारा बाय नऊ भरली नाही, तर मला खोटारडी म्हणा, याच सदरात छापा. पण ती मोजली गेली पाहिजे.

हे वाचून "बाप रे" म्हणू नका. अर्ध्या दिवसाची रजा टाका. शेअर रिक्षावाल्याला 'मास्टर टेलर की बराक' सांगा, तो सोडेल. टेप मी आणते, आकडा मी वाचते. या वेळी झिरो तुम्ही धरा.