डेव्हलपमेंटमधला बगीचा

अकोल्याला साक्षगंधाच्या पंगतीत, तोंडात रोडग्याचा घास असताना, मी माझ्या साळ्याला सांगून बसलो की यंदा संत्री तोडू नको.

साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वरूडला त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. त्या दिवशी तो माझ्या शेजारीच जेवायला बसला होता आणि समोरच्या कोणा पाहुण्यानं मला विचारलं, "मंग, नवीन काय चालू हाये?" नट माणसाला हा प्रश्न विचारला की त्याचं भान सुटतं. मी सांगायला लागलो. वऱ्हाडातला सिनेमा. संत्र्याच्या बगीच्यात घडणारा. शेवटचा प्रसंग असा, की फळांनी लगडलेल्या झाडांमधून नायिका धावत येते आणि मागं नुसतं केशरी. हे मी हातानं करून दाखवलं, त्यात वरणाची वाटी कलंडली. ती साळ्यानं सावरली आणि विचारलं, "कवा हाय हे?"

"याच हिवाळ्यात."

"मंग आंबिया ठेवू का झाडाले?"

"हो, हो. तोडूच नको बिलकूल."

आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तोडायला येणारा संत्र्याचा बहार. एवढं मला माहीत होतं. बाकी ते वाक्य मी संवाद म्हणून टाकलं होतं, आणि चांगलं टाकलं होतं. ते कोणी घरी घेऊन जाईल असं मला वाटलं नाही. आमच्या धंद्यात 'याच हिवाळ्यात' हा काही काळ नसतो. तो एक मूड असतो.

आमचा धंदा काय, तेही सांगायला हवं. मी नट आहे. तुम्ही मला पाहिलेलं आहे, फक्त आठवत नाही. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये खून झाल्यावर जीपमधून जो साहेब उतरतो, गॉगल काढतो आणि "बॉडी पहिल्यांदा कोणी पाहिली?" असं विचारतो, तो बऱ्याच वेळा मी असतो. पन्नाशीला जीपमधून उतरताना गुडघा बोलायला लागला, तेव्हा मी निर्माता व्हायचं ठरवलं. अमरावतीला आमच्या गच्चीवर एक खोली आहे, तिच्यात बायको कुरडया आणि पापड ठेवत असे. ते ऑफिस झालं. बाहेर कंपनीची पाटी लागली. कुरडयांचे डबे आतच राहिले, कारण ते हलवायचे कुठं यावर आमचं एकमत झालं नाही.

आजमितीला माझे चार प्रकल्प डेव्हलपमेंटमध्ये आहेत. अकोटच्या जिनिंगमधल्या एका मुकादमावर सिनेमा आहे. त्याची गोष्ट इतक्यांदा बदलली, की मुकादमाची आता मुकादमीण झाली आहे आणि कापूस उरलेला नाही. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यावर एक वेब सिरीज आहे. ती 'थोडी डार्क करा' म्हणून परत आली. मी दोन माणसं मारली, तर 'घरच्यांबरोबर कशी बघणार' म्हणून पुन्हा परत आली. एक मालिका दोन जावांची आहे. चॅनेलला तिच्यात तिसरी जाऊ हवी आहे आणि मला ती सुचत नाही. चौथा हा संत्र्याचा.

डेव्हलपमेंट या शब्दाचे माझ्यावर फार उपकार आहेत. 'काय करून राहिला सध्या?' याला 'काही नाही' असं म्हणावं लागत नाही. फक्त माझ्या वडिलांपुढं तो चालत नाही. ते म्हणतात, "नांदगाव पेठले एमआयडीसी आली तवा आपल्या गावच्या एकानं प्लॉट घेतला. कुंपन घातलं, फाटक लावलं, फाटकाले कुलूप लावलं. आजबी डेव्हलपमेंटच चालू हाय त्याचं. बकऱ्या चरतात." कुलूप आहे तर बकऱ्या आत कशा जातात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "थे त्याले विचार."

डिसेंबर सरत आला आणि साळ्याचा फोन आला. "भाऊजी, तारीख सांगा ना आता. फळ गळून राहिलं."

"कोणतं फळ?"

आजारी माणसाशी बोलावं तसा तो बोलला, "आपलं. शूटिंगचं."

तेव्हा कुठं सगळं कळलं. दिवाळीच्या आधी त्याचा नेहमीचा व्यापारी आला होता. संत्र्याचा सौदा फळ झाडावर असतानाच होतो. व्यापारी बगीच्यातून एक फेरी मारतो, भाव ठरतो, पुढं तोडणारी माणसं आणि ट्रक सगळं त्याचं. साळ्यानं त्याला चहा पाजला आणि 'यंदा पिक्चरले द्याचा हाय' म्हणून परत पाठवलं. आता शिवारातल्या बाकीच्या बागा तोडून झाल्या होत्या. याचा एकट्याचा बगीचा लगडलेला उभा होता. त्यात आणखी एक भानगड होती. आंबियाचं फळ उतरलं की झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो, तेव्हा पुढचा बहार फुलतो. फळ झाडावर असेपर्यंत पाणी तोडता येत नाही. म्हणजे मी पंगतीत एका दमात यंदाची संत्री अडवली होती आणि पुढच्या वर्षीची अडवायच्या बेतात होतो.

"दोनेक दिवसांत सांगतो," मी म्हणालो.

बायको समोर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. "कोणाले दोन दिवस मागतले?"

"तुझ्या भावाला."

तिला मी सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "तारीख हाय का तुमच्यापाशी?"

"येईल."

"कोठून येईन?"

मी वर ऑफिसात गेलो.

हा सिनेमा ज्या ओटीटीवाल्यांकडं होता, तिथल्या बाईंना मी व्हिडिओ कॉल लावला. त्याआधी कुरडयांचे डबे कॅमेऱ्यात येणार नाहीत असे सरकवले. बाई फार गोड बोलतात. त्यांच्या तोंडून मी आजवर 'नाही' ऐकलेलं नाही, आणि 'हो'ही ऐकलेलं नाही.

"सर, आम्हांला ते सगळं जग खूप आवडलंय," त्या म्हणाल्या. "फक्त संत्र्यावर एवढं अडून बसू नका."

"म्हणजे?"

"स्ट्रॉबेरीसुद्धा असू शकते ना. महाबळेश्वर आमच्या टीमला सोपं पडतं."

"मॅडम, स्ट्रॉबेरी जमिनीला लागते. नायिका धावेल कशातून?"

"छान मुद्दा आहे," असं म्हणून त्यांनी तो लिहून घेतला.

मग मी तारखेचं काढलं. बगीचा तयार आहे, फळ झाडावर आहे, एका दिवसाचं जरी शूटिंग आत्ता करून ठेवता आलं तर. बाई हसल्या. "अहो, त्याची कशाला एवढी घाई? झाडं असली की झालं. फळं आपण नंतर कम्प्युटरवर लावू."

मी 'बरोबर आहे' म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं साळा आला, कम्प्युटरवर लावलेली संत्री व्यापाऱ्याला दाखवताना.

रविवारी आम्ही दोघं वरूडला निघालो. गाडी चालवताना मी वाक्यं जुळवत होतो. 'बघ, मुंबईचं असं असतं.' 'एकूणच या क्षेत्रात सध्या.' बायको म्हणाली, "ओठ हालून राहिले तुमचे. समोरून ट्रक येऊन राहिला, तिकडं पाहा."

वरूडच्या अलीकडं दोन्ही बाजूंना बागा लागतात. सगळ्या नुसत्या हिरव्या, रिकाम्या. आणि मध्येच आमच्या साळ्याचा तुकडा केशरी. मी कागदावर लिहिला होता त्याहून भारी. मला वाईट वाटायच्या आधी, कॅमेरा कुठं लावायचा ते सुचलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गावातल्या दोन मुली उभ्या राहून सेल्फी काढत होत्या. फाटकावर पुठ्ठा बांधला होता. त्यावर साळ्याच्या अक्षरात लिहिलं होतं : 'शूटिंगचे फळ आहे. हात लावू नये.'

आत सासूबाई पोत्यावर बसून पडलेली फळं निवडत होत्या. "या जवाईबापू. तुमची हिरोईन येतपर्यंत हे पडलेलं लेकरं खाऊन राहिले. चालते ना?"

मी चालते म्हणालो. साळा मला हाताला धरूनच आत घेऊन गेला. दोन ओळींमधल्या फांद्या त्यानं कॅमेऱ्याची गाडी जाईल अशा छाटून ठेवल्या होत्या. कलाकारांच्या बसण्यासाठी ग्रामपंचायतीच्या खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. मग एका जागी तो थांबला.

"इथूनच धावत येनार ना थे?"

"हो."

"एक विचारू का? राग नका मानू. संत्र्याच्या बगीच्यात धावते कोन? फांदी तोंडावर येते, काटा लागते. म्या दोनदा धावून पाह्यलं." त्यानं तोंड वळवलं. गालावर चांगला लांब ओरखडा होता. "मंग म्हटलं, बाई चालत आली तं नाई चालनार का?"

मागं बायको उभी होती. तिनं ओरखड्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. वाटेत जुळवलेल्या माझ्या वाक्यांपैकी एकही तोंडातून निघेना.

"तारीख नाही," मी म्हणालो. "या महिन्यात नाही आणि पुढच्याही नाही. कधी आहे ते मला ठाऊक नाही."

तेवढ्यात मागं कुठं तरी एक फळ टपकन पडलं. सिनेमात असता तर हा आवाज मी काढून टाकला असता, फार जुळवून आणल्यासारखा वाटला असता.

साळ्यानं विचारलं, "पन पिक्चर होईन ना?"

'होईल' हा शब्द माझ्या तोंडात तयारच असतो. ओठांपर्यंत आला होता. "तेही ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्यानं एक संत्रं तोडलं, दाबून पाहिलं. मग फाटकापाशी गेला, पुठ्ठा सोडला, आणि तिथूनच मोबाईलवर व्यापाऱ्याशी बोलायला लागला. आवाज अगदी रोजचा होता. मला कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रात्री आम्ही तिथंच राहिलो. सोमवारी सकाळी व्यापारी आला. एका फेरीत त्यानं तीन झाडांची फळं दाबून पाहिली. "पोचट होऊन राहिलं हे. तवा काहून नाई देलं?"

"पिक्चर होता," साळा म्हणाला.

व्यापाऱ्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुमी टीव्हीतले पोलीस ना? खून झाल्यावर येता थे?"

"हो."

"इथंबी तसंच केलं तुमी."

सासूबाईंना एवढं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसण्यात सौदा तुटला नाही हे बरं झालं. भाव दिवाळीआधीचा मिळाला नाही, पण सगळं फळ गेलं.

व्यापाऱ्याची तोडणारी माणसं दुसऱ्या गावी पांगली होती, थोडीच मिळाली. म्हणून घरचे सगळेच लागले, मीही. संत्रं ओढायचं नसतं, देठ ठेवून खुडायचं असतं, नाही तर साल फाटते आणि ते फळ कामातून जातं. हे मला सांगेपर्यंत मी बरीच कामातून घालवली होती. तोडणाऱ्या बायांपैकी एकीनं दुसरीला विचारलं, "हे कोन व्हय वं?" दुसरी म्हणाली, "जवाई." पहिलीनं मान हलवली, त्यात सगळं आलं. मग मला भरलेली कॅरेटं उचलायला दिली. दोन कॅरेटांनंतर गुडघ्यानं आवाज दिला, तेव्हा ग्रामपंचायतीची एक खुर्ची माझ्यासाठी मागवण्यात आली. कलाकारांसाठी सांगून ठेवलेल्या खुर्च्यांपैकी तेवढी एक कामी आली.

ऊन कलेपर्यंत बगीचा शेजारच्या बागांसारखाच हिरवा झाला. साळा पाण्याची मोटर बंद करून आला. मी त्याच्याजवळ जाऊन झाल्या नुकसानीचं काही बोलायला लागलो. त्यानं मधेच तोडलं.

"पिक्चर झालाच तं पाटीवर माह्यं नाव टाकजा."

"टाकतो ना. आभारात सगळ्यात वर."

"आभारात नाई. तवा लोक चपला शोधत राह्यतात. सुरवातीले टाका."

निघताना सासूबाईंनी डिक्कीत एक कॅरेट ठेवलं. मोर्शी येईपर्यंत बायको काही बोलली नाही. मला वाटलं होतं, गाडीत बसल्याबरोबर सुरू होईल. शेवटी मीच म्हणालो, "बोल काय बोलायचं ते."

"लग्न झाल्यापासून मी दरसाली त्याले सांगते," ती म्हणाली. "म्हटलं एक झाड माह्यासाठी राहू दे, मी येईन, आपल्या हातानं तोडीन. एकदा ठेवलं नाई त्यानं. व्यापाऱ्याले शब्द देला, आता झाड कसं ठेवू म्हणे. अन् तुमच्यासाठी अख्खा बगीचा ठेवला. तोंड ओरबाडून घेतलं."

समोरून ट्रक आला, मी गाडी बाजूला घेतली.

"बाकीचे तीन राहू द्या तिकडं," ती म्हणाली. "हा संत्र्याचा करा. अन् नाई झाला, तं त्याले तुमी सोता जाऊन सांगजा. मी नाई येनार संगं."