टोकाचा हात

तेलुगू मुलखातल्या उटनूरला आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा हात कधी स्वस्थ नसायचा. बोलताना पेनाचं टोपण काढायचं, लावायचं. जिल्ह्याचे तुकडे झाले आणि बदल्यांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा तर त्या टकटकीनं माझं डोकं उठायचं.

जिवाणूच्या अंगावरच्या केसांना पिली म्हणतात. तेलुगू पोरांना ते ऐकू आलं पिल्ली, म्हणजे मांजर, आणि सगळा वर्ग म्याऊ म्याऊ करू लागला. शेजारच्या वर्गातला माझा तास सोडून मी तणतणत गेलो. मॅडम दाराबाहेर पोरांच्या रांगेच्या अगदी टोकाला उभ्या होत्या, खांद्यावर मागच्या मुलीचा हात. एकेक पोर दारात येऊन पुढच्याचा खांदा धरत होतं आणि रांग व्हरांड्यात पुढं ढकलली जात होती.

"जिवाणूचा केस या रांगेसारखा मुळाशी वाढते, सर," त्या म्हणाल्या. "पहिला निघाला तो टोकाला जाते. परक्या जागी पकड त्यालेच घ्या लागते."

"मंग तुमी काऊन टोकाला?"

"बदलीची ऑर्डर आली नं. नव्या जिल्ह्यात."

मागून कोणीतरी पुन्हा म्याऊ केलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. खांद्यावरचा मुलीचा हात मात्र आपल्या हातानं घट्ट धरून ठेवला.